आत्या, सीटखालचं बटन बसवलं

आत्या, बटन बसवलं बघा. व्हय, तेच, गवताच्या मशीनच्या सीटखालचं, ज्याच्यावरनं आपल्या दोघींचं वाजलं व्हतं आन तुमी "दिवाळी होऊ दे, मग बघू" म्हणून उठून गेला व्हता. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, लॉनवर पहिलं लग्नबी झालं. बघायला तुमीच न्हाय, म्हणून हे सांगत बसलीय. पोरगी परी झोपलीय तवर सगळं सांगून व्हायला पायजे, ती उठली की माझं बोलणं संपलं, तुमाला म्हायतीच हाय.

लोक इचारत्यात, सासूचं एवढं काय मनाला लावून घेतलंस. त्यांना काय सांगू, मला रडायला कमी आन हसायला जास्त येतंय. परवा भाकरी थापता थापता एकटीच हसत व्हते. तुमचा पोरगा दारातनं बघत उभा, म्हणला, "काय झालं?" मी म्हणलं, "भाकरतुकडा आठवला." मग त्योबी हसाय लागला, आन हसता हसता तोंड फिरवून बाहेर गेला.

मी लग्न होऊन आले तवाचं ते. दारात उभी, अंगावर शालू, आईनं बजावून पाठवलेलं की सासू ओवाळताना मान खाली ठेव. आन दारात सासूच न्हाय. करवली म्हणली, "थांबा, आत्याचं गवत चाललंय." मी मनात म्हणलं, गवत? सुनेपरीस गवत? मग ते लाल मशीन फटफट करत लॉनच्या पल्याडनं आलं, खेळण्यातल्या ट्रॅक्टरावानी, पोटाखाली पाती फिरणारं. वर तुमी. नऊवारीचा काष्टा, डोळ्याला काळा गॉगल. कुण्या नवरदेवाच्या दोस्ताचा लॉनवर इसरलेला, वरीसभर कपाटात ठेवला, कुणी मागायला आलं न्हाय, मग तुमी घातला. मशीन थांबवून टुणकन उडी मारली, पदराला हात पुसले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आन म्हणला, "जा आत, पाणी पी. माझं दोन पट्टं राहिल्यात." आन परत गेला.

त्या दिवशी मला कळलं की मी कुठल्या घरात आलेय. घर तरी कसलं, भिगवण सोडून इंदापूरकडं निघालं की हायवेच्या कडंला हे लग्नाचं लॉन, आन त्याच्या सैपाकाच्या शेडमागं आपली एक खोली. गवत तुमी राखायचं म्हणून खोली आपली. पण तुमी अशा चालायचा जणू सगळं लॉन तुमच्या माहेरनं आलंय.

बटनाचं मला आधी कळतच नव्हतं. तुमीच सांगितलं, पोरीला गोष्ट सांगावी तसं. सीटखाली एक बटन असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं, मशीन चालतं. माणूस उठला की बटन वर येतं, मशीन बंद पडतं, पाती थांबत्यात. म्हंजी कुणी खाली उतरलं, पडलं, तर पाय बिय कापू न्हाय. चांगलंच हाय की, मी म्हणलं. तुमी म्हणला, "चांगलं हाय, पण त्या मुडद्याला मी दिसतच न्हाय." कारण तुमी म्हंजी कडब्याचं ताट. जरा खड्डा आला, अंग सीटवरनं इतकंसं उचललं, की मशीन बंद. परत चालू करायचं, परत खड्डा, परत बंद. आन बंद पडलं की तुमी त्याला शिव्या द्यायचा, त्याच्या आईला, बापाला, बनवणाराला, त्याच्या गावाला.

मग तुमी ती गादी शिवली.

लग्न लागलं की स्टेजभर, गालिचाभर अक्षता. झाडणाऱ्या बाया कचऱ्यात लोटायच्या, ते तुमाला बघवायचं न्हाय. "लग्नाचा दाणा हाय, कुणाच्या पायाखाली न्हाय जायचा," म्हणून सुपात गोळा करायचा, पाखडायचा, थोडं साळुंक्यांना टाकायचा आन बाकीचं जुन्या लुगड्याच्या पिशवीत. पिवळं, लाल, गुलाबी तांदूळ. त्याची गादी करून सीटवर टाकली, वर बसला, आन मशीन खड्ड्यातनंबी चालाय लागलं. किती खूश झाला व्हता तुमी. मला म्हणला, "बघ, दुनिया खुर्चीवर बसती, मी लग्नांवर बसलेय."

पण तुमाला थांबायचं कुठं कळायचं, आत्या. दर लग्नाला एक वंजळ आत. गादी फुगत फुगत चालली. शेवटी अशी झाली की तुमी उतरला तरी मशीनला वाटायचं कुणीतरी बसलंयच. तुमाला ते फारच आवडलं. गवतात हेअरपिन दिसली, उतरायचं, उचलायची, मशीन आपलं हळूहळू पुढं चाललेलं, तुमी चार पावलं पळून परत वर. चालत्या एसटीला लटकावं तसं. मंडपवाली पोरं शिट्ट्या मारायची.

आन मग लॉनवरल्या त्या साखरपुड्याचा दिवस.

फुलांची कमान नुकतीच बांधून झालेली. परी कमानीपाशी बसून पडलेल्या पाकळ्या गोळा करत व्हती. तुमी कायतरी चमकलं म्हणून उतरला, वाकला, आन तिथंच बसला शोधत. कानातलं व्हतं न्हवं ते, कुणाचं तरी. आन मशीन निघालं. सीटवर गादी, स्टेरिंगला तुमचा गॉगल लटकलेला. मी सैपाकाच्या शेडमधनं बघितलं, पोळपाट टाकलं आन पळाले. चप्पल न्हाय, पदर न्हाय, तोंडातनं आवाजबी न्हाय. परीला उचलून कडंला फेकल्यावानी घेतलं, आन मशीन आमच्या शेजारनं गेलं, कमानीत शिरलं, झेंडूच्या माळा अंगावर घेतल्या आन कारंज्याच्या कट्ट्याला टेकून घुरघुरत उभं राहिलं. तुमी पळत आला, किल्ली फिरवली. माळांनी मढलेलं मशीन. मंडपवाला म्हणला, "मावशी, नवरदेव आला की."

सगळी हसली. तुमीबी हसला. मी हसले न्हाय.

मी तुमाला कधी वर मान करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "आत्या, माझी पोरगी व्हती तितं."

"काय झालं न्हाय ना तिला?"

"झालं असतं."

"मी हाय न्हवं. माझं ध्यान व्हतं."

"तुमचं ध्यान कानातल्यात व्हतं."

मग तुमी ती गादी सीटवरनं ओढून खाली टाकली, मला दाखवायला, की बघ, आता हे उठलं की बंद पडतंय. मशीन चालू केलं, उठला. बंद पडलं न्हाय. लाइटीचं आन जनरेटरचं बघणाऱ्या रफिकभाऊंनी वाकून बघितलं, म्हणले, "मावशी, गादी बसून बसून बटन आत रुतलंय. आता वर येईनाच. नवीनच टाकावं लागतंय."

"टाकू की," मी म्हणलं.

"कशाला?" तुमी म्हणला. "परत मला खड्ड्याखड्ड्याला बंद पाडंल. भित्र्या माणसाला बटन लागतं गं, शहाण्याला ध्यान लागतं."

"ध्यान कवातरी चुकतंच, आत्या."

"मी हाय तवर चुकायचं न्हाय. दिवाळी होऊ दे, मग बघू," म्हणून तुमी उठून गेला.

हेच आपलं राहिलेलं भांडण. दोन दिवस तुमी माझ्याशी सरळ बोलला न्हाय, परीच्या तोंडानं बोलायचा, "परी, तुज्या आईला सांग, मीठ जास्ती झालंय." पण तिसऱ्या दिवशी मशीनवर चढायच्या आधी तुमी खोलीच्या दारात आला आन इचारलं, "परी कुठाय?" मी म्हणलं, "हितं हाय, माज्यापाशी." मग गेला आन किल्ली फिरवली. त्या दिवसापास्नं रोज. मी आंघोळीला असले तरी, पाव्हणं असलं तरी, "परी कुठाय?" जवाब येईस्तवर किल्लीला हात न्हाय. बटन बसवलं न्हाय ते न्हायच, पण हे सुरू केलं. मी त्यावर कधी काय बोलले न्हाय. बोलाय पायजे व्हतं. तुमी इचारला की मला किती बरं वाटायचं, हे तुमाला ठावं व्हतं का न्हाय कुणास ठाऊक.

आन तुमी गेला ते किती साधं गेला. गवत कापून आला, पाय धुतला, लिंबाखाली बाजेवर पडला आन म्हणला, "आल्याचा कर, चांगला उकळ." मी चहा घेऊन आले तवा तुमी झोपल्यासारख्याच, गॉगल छातीवर. इंदापूरला नेलं, पण डॉक्टरनी गाडीतच बघितलं आन मान हलवली. कापलेल्या गवताचा वास तुमच्या लुगड्याला व्हता. बास, ह्याच्या पुढचं मला सांगायचं न्हाय.

लॉनचे मालक येऊन बसून गेले. वाईट माणूस न्हाय त्यो, तुमाला म्हायती हाय. चहा घेतला, परीच्या डोक्यावर हात ठेवला, मग हळूच म्हणले, "लगीनसराई आलीय. गवत गुडघ्याला लागलंय. मशीनला माणूस बघावा लागंल. इंदापूरचा एक हाय, पण त्याला राहायला जागा पायजे." खोलीकडं बघितलं न्हाय त्यांनी, पण मला कळलं. तुमच्या पोरालाबी कळलं. त्यो म्हणला, "बघू भिगवणला एखादी खोली. माझा मासळीचा टेम्पो तितनंच भरतोय, बरं पडंल."

तुमचा लिंब, तुमची बाज, परीची पाकळ्या गोळा करायची जागा. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मी चालवते."

तुमचा पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. "तू? कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवतीस तू."

खरं हाय ते. मी म्हणलं, "पण आधी बटन."

मालक म्हणले, "चालवतीस तर चालव की पोरी, पण पहिल्या लग्नाच्या आत गवत निघालं पायजे. न्हायतर मला त्या माणसाला बोलवावंच लागंल."

मग मी जुनं बटन काढलं. रफिकभाऊ शेजारी उभे, पण पक्कड माझ्या हातात दिली, म्हणले, "वहिनी, तुमीच काढा. उद्या मी कुठल्या मांडवाला गेलो तर?" आधी बॅटरीची वायर सोडली. मग सीट पुढं पाडली. खाली काय काय निघालं, आत्या. मेलेल्या मुंग्या, एक हेअरपिन, तुमची तंबाखूची चुनाळी, जी तुमी वरीसभर माझ्यावर चोरीचा आळ घेऊन शोधत व्हता, आन अक्षता, नुसत्या अक्षता. बटनाला दोन कान असत्यात, ते दाबून खाली ओढायचं, वायरीचा खटका सोडायचा. आलं हातात. रुतलेलंच, बोटानं दाबलं तर हलंना.

रुमालात बांधलं आन एसटीनं बारामतीला गेले, परीला कडंवर घेऊन. पार्टच्या दुकानात सगळी बाप्या माणसं. दुकानदार म्हणला, "कुठल्या गाडीचं, ताई?" मी म्हणलं, "गवताच्या." ती सगळी हसली, पण दुकानदारानं डबं उघडून उघडून तसलंच बटन काढलं, जुळी भावंडं दिसत्यात तसं. मी खूश. येऊन बसवलं, टक्क करून बसलं, वायरीचा खटका लावला, बॅटरी जोडली. परीला रफिकभाऊंच्या बायकोच्या कडंवर दिलं, लांब. किल्ली फिरवली, मशीन चालू. देवाचं नाव घेऊन सीटवर बसले, मशीन बंद.

उठले. परत किल्ली फिरवली, चालू. बसले, बंद.

रफिकभाऊ डोकं खाजवाय लागले. "वहिनी, हे उलटं हाय. कुणी बसलं की बंद, कुणी नसलं की चालू."

आत्या, मला एकदम तुमी दिसला. तुमच्या मनासारखं बटन मिळालं की हो. मशीन एकटं चालणार, माणूस दिसला की रुसणार. मी जे हसाय लागले ते थांबंचना. रफिकभाऊ हसले, त्यांची बायको हसली, परीला काय कळलं न्हाय तरी टाळ्या वाजवाय लागली. झाडणाऱ्या बाया थांबून बघत व्हत्या, घरात माणूस जाऊन महिना न्हाय आन ही बघा. बघूंदे. तुमी असता तर सगळ्यात मोठ्यांदा हसला असता.

परत बारामती. दुकानदार म्हणला, "आधी सांगायचं न्हाय का, बसल्यावर चालू पायजे का उठल्यावर?"

"उठल्यावर चालू कुणाला पायजे असतंय?"

त्यानं जरा इचार केला. "असत्यात एकेक," म्हणला आन दुसरं दिलं. मी मनात म्हणलं, व्हय, असत्यात. आमच्या घरातच व्हती एक.

दुसरं नीट बसलं. बसले, मशीन चालू राहिलं. उठले, बंद पडलं. मला वाटलं जिंकलं. गिअर टाकला, पाती सोडली, दहा पावलं गेले असंन नसंन, खड्डा आला, अंग उचललं, बंद. परत चालू, परत खड्डा, परत बंद. अर्धा पट्टा कापायला निम्मी सकाळ गेली. घाम, कंबर, आन तोंडात काय आलं म्हायती हाय? तुमच्या शिव्या. जशाच्या तशा, त्याच्या आईला, बापाला, बनवणाराला, त्याच्या गावाला.

रफिकभाऊ हसून म्हणले, "तुमीबी मावशीवानीच किडकिड्या. थांबा, दोन वायरी एकमेकीला जोडून देतो, बटनाची कटकटच नको."

लग्न दोन दिवसांवर आलेलं. गवत तसंच. आन खरं सांगते, मला वाटलं, द्यावं जोडून. मी बघतेच की, मी हाय न्हवं. आन माझाच आवाज माझ्या कानाला तुमच्यावानी लागला. मी परीकडं बघितलं, ती शेडच्या कट्ट्यावरनं उतरायच्याच बेतात व्हती.

"नको," मी म्हणलं. "गादी आणते."

तुमची गादी मी पेटीवर ठेवली व्हती, तिच्यावर कुणाला बसू देत नव्हते. आणली, सीटवर टाकली. बसले, खड्डा, चालूच. उठले, चालूच. नवीन बटनालाबी फसवलं तुमच्या गादीनं. मग मी एका टोकाची शिवण उसवली. हात घातला, वंजळभर अक्षता काढल्या, परीच्या फ्रॉकात दिल्या. उठले, चालूच. अजून वंजळभर. चालूच. परी अक्षता उडवतीय, साळुंक्या कुठनं कुठनं गोळा झाल्या, लिंबावरनं, शेडवरनं, भांडत्यात, उड्या मारत्यात. मी बसतीय, उठतीय, काढतीय. रफिकभाऊ आता मोजत व्हते का नुसतं बघत व्हते कुणास ठाऊक. प्रत्येक वंजळीला मला वाटायचं, हे कुणाचं तरी लग्न असंल, ह्यात माझंबी असंल.

आन मग एकदा उठले आन मशीन गप.

बसले, खड्ड्यातनं नेलं, चालू. उठले, गप. गादीत तुमी जरा राहिला, जरा साळुंक्यांना गेला, आन मी बसले की आपण दोघी मिळून बटनाला दिसतो, माझ्या एकटीनं न्हाय आन तुमच्या एकटीनंबी न्हाय. शिवण घातली, बारीक टाका, तुमाला आवडतो तसला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला काष्टा घातला. गॉगल घातला, तोबी. किल्लीला हात घातला आन थांबले. कायतरी राहिलंय असं वाटत व्हतं. मग आपोआप तोंडातनं निघालं, "परी कुठाय?"

कट्ट्यावरनं बारीक आवाज आला, "हितं हाय."

मग फिरवली किल्ली.

सगळं लॉन कापलं, आत्या. पट्टं तुमच्याएवढं सरळ न्हाईत, कारंज्यापाशी एक पट्टा बैल मुतल्यावानी गेलाय, पण गवत निघालं. मालक आले, कमरेवर हात ठेवून बघितलं, म्हणले, "म्हातारीचा हात उतरलाय की पोरी," आन इंदापूरच्या माणसाचं नाव परत काढलं न्हाय. लग्न झालं. नवरी माझ्यासारखीच घाबरलेली व्हती. मी लांबनं बघितलं आन मनात म्हणलं, घाबरू नको बाई, कुणीतरी भेटतंय.

आन आज सकाळी. शेवटचा पट्टा चालला व्हता. परी मला कट्ट्यावर दिसत व्हती, दिसत व्हती, आन एका वळणाला दिसली न्हाय. दिसली ती गवतात, दोन्ही हात पसरून माझ्याकडं पळत येताना, कारण तिला एक चमकी सापडली व्हती आन ती मला दाखवायची व्हती. माझं ध्यान चुकलं, आत्या. तुमी म्हणायचा चुकत न्हाय, मी म्हणायची चुकतंय, माझंच चुकलं. मी इचार केलाच न्हाय, ब्रेक न्हाय, किल्ली न्हाय, नुसती उडी टाकली तिच्याकडं. आन माझा पाय गवताला लागायच्या आधी मशीन गप झालं. पाती घरघरत थांबली. परी अजून लांबच व्हती, चांगली लांब, पण माझं काळीज कुठं ऐकतंय. तिला कवळ्यात घेऊन तितंच बसले गवतात. एवढं शांत झालेलं की हायवेवरचा ट्रक ऐकू येत व्हता.

परीनं मशीनकडं बघितलं, सीटवरच्या गादीकडं बघितलं आन म्हणली, "आजीनं थांबवलं?"

मी म्हणलं, "आजीनं आन बटनानं."

भांडण मी जिंकले, आत्या. पण तुमी असता तर म्हणला असता की गादी कुणाची हाय बघ, आन मला परत गप बसावं लागलं असतं.

परीला उचलून रफिकभाऊंच्या बायकोपाशी ठेवलं. परत मशीनपाशी आले. पट्टा थोडाच राहिला व्हता. गॉगल नीट केला, काष्टा खोचला आन वर चढले. आत्या, सरका जरा.